परंपरा कोणाची, आधुनिकता कोणाची? मोरोक्कोचे ग्नावा आणि डीजेचा मंच

मोरोक्कोतल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक संगीत महोत्सवाची जाहिरात उघडा, एक कल्पना हमखास भेटते: इथे परंपरा आणि आधुनिकता एकत्र नाचतात. एका बाजूला युरोपातून आलेला डीजे, त्याच्यासमोर लॅपटॉप, सिंथेसायझर, मिक्सर. दुसऱ्या बाजूला कवड्यांची टोपी घातलेला काळा मोरोक्कन वादक, मांडीवर उंटाच्या कातड्याने मढवलेलं तीन तारांचं वाद्य. एक म्हणजे 'आज', दुसरा म्हणजे 'काल'. फोटो सुंदर येतो. माझा वाद त्या फोटोखालच्या ओळीशी आहे. कारण 'परंपरा आणि आधुनिकतेचा संगम' या चार शब्दांत दोन समूहांचा इतिहास एकदमच पुसला जातो.

काही मित्र म्हणतील, मोरोक्कोचं आपल्याला काय? आपल्याला हा प्रश्न नवा नाही, म्हणून विचारायचा. गावकुसाबाहेरचं वाद्य गावाच्या मंचावर गेलं, की ते वाजवणारा माणूसही गावात जातो का? की वाद्य आत जातं आणि माणूस वेशीवरच थांबतो? हा प्रश्न आपण हलगीबद्दल, तमाशाबद्दल, लोककलांच्या सरकारी महोत्सवांबद्दल विचारत आलो आहोत. मोरोक्कोतल्या ग्नावा लोकांच्या बाबतीत तो फार स्वच्छ दिसतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ग्नावा म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडून, आजच्या माली, नायजर, सेनेगल अशा प्रदेशांतून शतकानुशतकं उत्तरेकडे पकडून आणलेल्या काळ्या लोकांचे वंशज, आणि त्यांनी घडवलेली संगीत-विधीची परंपरा. कोणी सैनिक म्हणून आणले गेले, कोणी शेतात राबायला, कोणी घरात. सुलतान मौले इस्माइल (राज्यकाळ १६७२ ते १७२७) याने काळ्या लोकांचं मोठं सैन्य उभारलं. त्यासाठी त्याने गुलामांची नोंद केलीच, शिवाय 'हरातीन' म्हणवल्या जाणाऱ्या स्वतंत्र काळ्या माणसांनाही गुलामांच्या यादीत घातलं. फेज शहरातला एक धर्मपंडित, अब्द अस्सलाम जस्सूस, याने स्वतंत्र माणसांना गुलाम ठरवायला संमती नाकारली. १७०९ मध्ये त्याला ठार करण्यात आलं. इतिहासकार शौकी अल हमेल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हा सगळा इतिहास मांडला आहे. 'आमच्याकडे गुलामी होती, पण ती मायाळू होती, आणि रंगाचा तिच्याशी संबंध नव्हता' ही मोरोक्कन उच्चवर्गाची लाडकी समजूत ते कागदपत्रांनिशी खोडतात. ओळखीचं वाटतं ना? 'आमच्या गावात जात होती, पण सगळे गुण्यागोविंदाने राहायचे' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय!

दक्षिण मोरोक्कोच्या मरूद्यानांत या हरातीन लोकांची एक ओळख होती 'खम्मास'. 'खम्सा' म्हणजे पाच. दुसऱ्याच्या जमिनीत राबायचं आणि पिकाचा पाचवा हिस्सा घ्यायचा. माणसाची ओळखच त्याला मिळणाऱ्या वाट्यावरून. बलुत्याचा हिशोब ज्यांच्या आजोबांनी सोसला, त्यांना हे समजावून सांगायला नको. गुलामांचा उघड बाजार १९२० च्या दशकात फ्रेंच प्रशासनाच्या परिपत्रकाने बंद झाला. घराघरांतली गुलामी त्यानंतरही रेंगाळली. म्हणजे ही गोष्ट फार जुनी नाही. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या आसपासची आहे.

या लोकांनी स्वतःसाठी एक संगीत घडवलं. त्याचं मुख्य वाद्य 'गिंब्री': कोरलेल्या लाकडी खोडावर उंटाचं कातडं ताणलेलं, बकऱ्याच्या आतड्याच्या तीन तारा, आवाज खर्जातला, छातीत घुमणारा. सोबत 'क्राकेब', म्हणजे लोखंडी टाळांच्या जोड्या. लोकांत असं सांगतात की क्राकेबचा खणखणाट म्हणजे पायातल्या साखळ्यांचा आवाज. ही आख्यायिका असेल, पण कोणत्या समाजाला आपल्या वाद्यात साखळी ऐकू येते, हेच पुरेसं बोलकं आहे. उस्तादाला 'मआलेम' म्हणतात. रात्रभर चालणाऱ्या विधीला 'लिला' म्हणतात. अरबीत लिला म्हणजे रात्र; आपल्या 'लीले'शी त्याचा संबंध नाही. गाण्यांमध्ये बांबारा, हौसा अशा भाषांचे शब्द अजून टिकून आहेत. गाणाऱ्याला त्यांचा अर्थ ठाऊक असेलच असं नाही. भाषा हिरावून घेतली गेली, शब्द उरले. ग्नावा आपला पूर्वज मानतात बिलालला. बिलाल म्हणजे गुलामीतून मुक्त झालेला काळा माणूस, इस्लामचा पहिला मुअज्जिन. एसाविरा शहरात त्यांचा मठ आहे, त्याचं नावच 'सीदना बिलाल'. राजाचा वंश सांगायचा सोडून एका मुक्त गुलामाचा वंश सांगणं ही लहान गोष्ट नाही.

आता महोत्सवाकडे येऊ. एसाविरा हे अटलांटिकच्या काठचं शहर, जुनं नाव मोगादोर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतानाने ते मुद्दाम बंदर म्हणून वसवलं. टिंबक्टूकडून येणाऱ्या काफिल्यांतून इथे सोनं यायचं, हस्तिदंत यायचा, शहामृगाची पिसं यायची आणि माणसंही यायची. त्याच शहरात १९९८ पासून दर उन्हाळ्यात ग्नावा संगीताचा महोत्सव भरतो. नायला ताजी यांनी तो उभा केला. मौले हसन चौकातले मोठे कार्यक्रम लोकांना खुले असतात, गर्दी लाखोंच्या घरात जाते. जॅझ, रॉक, इलेक्ट्रॉनिक, जगभरचे वादक मआलेमांसोबत वाजवतात. पुढे २०१५-१६ च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक संगीताचे स्वतंत्र महोत्सव आले: मराकेशजवळ 'ओअॅसिस' आणि 'अॅटलस इलेक्ट्रॉनिक', एसाविरातच 'मोगा'. आपल्याकडच्या तरुणांना सनबर्न ठाऊक आहे, साधारण तो घाट समजा. फरक इतका, की इथे, विशेषतः 'अॅटलस इलेक्ट्रॉनिक'सारख्या महोत्सवात, स्थानिक वादकांना डीजेंसोबत बसवून नवं काही करण्यावर भर असतो.

यात चांगलं काहीच नाही असं म्हणणारा माणूस अप्रामाणिक आहे. १९९८ पूर्वी ग्नावा म्हणजे प्रतिष्ठित मोरोक्कन घरांच्या नजरेत रस्त्यावर टोपी फिरवणारे, भुताखेतांचे, अडाणी लोक. धर्मपंडितांच्या नजरेत भ्रष्ट. मराकेशच्या जमा अल-फना चौकात पर्यटकांसाठी डोकं गरागरा फिरवून टोपीचा गोंडा नाचवायचा आणि नाणी गोळा करायची, ही त्यांची जागा. महोत्सवाने त्यांना मुख्य मंच दिला. त्यांचं नाव मोठ्या अक्षरात छापलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने ग्नावाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. प्रतिष्ठा ही काल्पनिक गोष्ट नाही. ज्यांना ती कधी मिळाली नाही, त्यांना तिचं मोल जास्त कळतं.

पण प्रतिष्ठा कोणाला मिळाली? संगीताला की माणसांना? मोरोक्कोच्या बोलीत काळ्या माणसासाठी 'अज्जी' असा अपमानकारक शब्द आहे. २०१४ मध्ये तिथे वर्णद्वेषाविरुद्ध एक मोहीम निघाली, तिचं नावच होतं 'माझं नाव अज्जी नाही'. म्हणजे महोत्सव सुरू होऊन सोळा वर्षं झाली, चौकात लाखो लोक ग्नावाच्या तालावर डोलून गेले, तरी रस्त्यावर काळ्या माणसाला हे सांगावं लागत होतं. मोहिमेचा रोख मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांना मिळणाऱ्या वागणुकीवर होता. ग्नावांचे पूर्वज ज्या प्रदेशांतून साखळदंडात आणले गेले, त्याच प्रदेशांतून आज रोजगारासाठी आलेली ही माणसं. पूर्वजांचं संगीत वारसा ठरतं आणि त्याच भूमीतून काल आलेला तरुण 'समस्या' ठरतो! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात संविधान सभेला बजावलं होतं की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करत आहोत. सांस्कृतिक मंचालाही हीच कसोटी लागू आहे. मंचावर समता आणि मंचाखाली विषमता हा त्याच विसंगतीचा नाचगाण्यातला अवतार.

आता जाहिरातीतल्या त्या ओळीकडे परत. 'आधुनिक' इलेक्ट्रॉनिक संगीत आलं कुठून? जाहिरात पाहून वाटेल, युरोपातून. खरं उत्तर शिकागो आणि डेट्रॉइट हे आहे. शिकागोतल्या 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा काळा डीजे १९७० च्या दशकाच्या शेवटी वाजवत होता. तिथे नाचायला येणारे बहुतांश काळे आणि लॅटिनो, त्यातही समलैंगिक तरुण, ज्यांना इतर क्लबांत मान नव्हता. 'हाऊस' हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं सांगतात. त्याच शिकागोत १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला आणि गोऱ्या तरुणांचा जमाव मैदानात घुसला. ज्या संगीताला त्यांनी उडवलं, त्याच्याच राखेतून हाऊस वर आलं. डेट्रॉइट म्हणजे मोटारकारखान्यांचं शहर. तिथल्या हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन साँडरसन या तीन काळ्या शाळामित्रांनी टेक्नोला आकार दिला. त्यांच्यावर जर्मनीच्या क्राफ्टवर्कचा प्रभाव होता, तो त्यांनी कधी लपवला नाही. या संगीताच्या पायाशी असलेलं रोलँड ८०८ हे तालयंत्र १९८० मध्ये जपानी कंपनीने काढलं, ते बाजारात चाललं नाही, तीनेक वर्षांत बंद झालं. टाकून दिल्यासारखी ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांच्याकडे स्टुडिओचे पैसे नव्हते त्यांनी ती उचलली.

म्हणजे बघा, मराकेशच्या त्या मंचावर खरं काय घडतंय. सहारा ओलांडून नेलेल्या गुलामांच्या वंशजांचं संगीत, अटलांटिक ओलांडून नेलेल्या गुलामांच्या वंशजांच्या संगीताला भेटतंय. दोन्ही आधुनिक आहेत, कारण दोन्ही गुलामीच्या जखमेतून नव्याने घडवलेली आहेत. दोन्ही पारंपरिकही आहेत, कारण दोन्हींमध्ये पिढ्यांची शिकवण आहे. याला 'परंपरा आणि आधुनिकतेचा संगम' म्हटलं की हाऊस-टेक्नो गोऱ्यांचं होऊन जातं आणि ग्नावा काळाबाहेरचं. खरं तर ही दोन भावंडांची भेट आहे, आणि यजमान मध्येच उभा राहून सांगतोय की मीच यांची ओळख करून दिली. ही भेट काळ्या कलावंतांनी आधीच ओळखली होती. अमेरिकन जॅझ पियानोवादक रँडी वेस्टन १९६० च्या दशकाच्या अखेरीस टँजिअरला जाऊन राहिले आणि ग्नावा उस्तादांसोबत पुढे अनेक दशकं काम करत राहिले. त्यांना तिथे 'विदेशी लोककला' सापडली नाही, नातलग सापडले.

'परंपरा' या शब्दाने आणखी एक नुकसान होतं, ते थेट खिशाचं. कॉपीराइटचा कायदा रचनाकाराचं नाव मागतो. गाणं 'पारंपरिक' ठरलं की रचनाकार नाही, म्हणजे हक्क कोणाचाच नाही. मग ज्याने त्यावर बीट चढवला, मांडणी केली, ध्वनिमुद्रण केलं, त्या नव्या रूपावर त्याचं नाव लागतं आणि मानधनाचा पुढचा ओघ तिकडे वळतो. याचं जुनं उदाहरण मोरोक्कोतलंच आहे. १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्सचा ब्रायन जोन्स उत्तर मोरोक्कोतल्या जाजूका गावी गेला, तिथल्या सनईसारख्या वाद्याच्या वादकांचं ध्वनिमुद्रण केलं आणि त्यावर स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक परिणाम चढवले. त्याच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये ही तबकडी निघाली, तिच्या शीर्षकातच 'ब्रायन जोन्स सादर करतो' असा मजकूर होता. वाजवणारं अख्खं गाव, आणि शीर्षकात नाव टेपरेकॉर्डर घेऊन आलेल्याचं. जाजूकाचे वादक ग्नावा नाहीत, पण नियम तोच.

हा नियम मोडता येतो. एसाविराचे थोर मआलेम महमूद गिनिया यांनी १९९४ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्ससोबत तबकडी केली. २०१५ मध्ये त्यांनी जेम्स होल्डन आणि फ्लोटिंग पॉइंट्स या दोन ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकारांसोबत 'मरहबा' केली. तीत नाव आधी मआलेमचं आहे, पाहुण्यांची मागून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गिनिया गेले. होल्डनने पुढे त्यांचा मुलगा हुस्साम गिनिया याच्यासोबतही काम केलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या, कारण राजकारण कधीकधी तंत्रातच लपलेलं असतं. संगणकावरचा बीट घड्याळासारखा सरळ चालतो, मिनिटाला एवढे ठोके म्हणजे एवढेच. ग्नावाचा ताल तसा नाही. क्राकेबची चाल दोनाच्या आणि तिनाच्या हिशोबाच्या मधे कुठेतरी बसते, आणि लय हळूहळू चढत जाते, कारण मआलेम समोरच्या नाचणाऱ्या माणसाकडे बघून वाजवतो. मग एकत्र वाजवताना कोणी कोणाचं ऐकायचं? मआलेमच्या कानात ठोका घालून 'यावर वाजव' म्हणायचं, की यंत्राने मआलेमच्या मागे चालायचं? होल्डनने २०१५ मध्ये असं सॉफ्टवेअर लोकांसमोर ठेवलं, की संगणकाचा ताल जिवंत वादकांच्या वेळेशी जुळवून घेतो. म्हणजे यंत्राला ऐकायला शिकवता येतं. ज्या मंचावर मआलेमला रात्रभर यंत्राच्या मागे पळायला लावतात, तिथे तंत्राची मर्यादा हे कारण पुढे करू नये. तिथे ऐकण्याची इच्छा कमी पडली आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे. 'डीजेने ग्नावा बिघडवलं, शुद्ध परंपरा जपा' असं म्हणणारेही आहेत, मोरोक्कोत आणि त्याहून जास्त युरोपात. हा विचार मला महोत्सवाच्या जाहिरातीपेक्षा जास्त धोकादायक वाटतो. शुद्धतेची मागणी कायम खालच्यांकडूनच का केली जाते? वरच्यांनी बदलायचं, मोटारी घ्यायच्या, मोबाईल घ्यायचे, आणि गुलामांच्या वंशजांनी मात्र आपल्या पूर्वजांसारखंच वाजवत बसायचं! ग्नावांनी स्वतःच हे कुंपण मोडलंय. कॅसाब्लांकाची अस्मा हमझावी आपले वडील मआलेम रशीद हमझावी यांच्याकडून गिंब्री शिकली आणि 'बनात टिंबक्टू', म्हणजे टिंबक्टूच्या मुली, हा मुलींचा संच घेऊन मंचावर उभी राहिली. गिंब्री हे आजवर पुरुषांचं वाद्य. लिला घडवून आणण्यात 'मुकद्दमा' म्हणून स्त्रीचं स्थान मोठं होतं, पण तारांना हात लावायचा नाही. शुद्धता जपायची तर अस्मालाही घरी बसवावं लागेल. कोणाची तयारी आहे?

आणि बौद्ध म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगतो. लिलामध्ये 'म्लूक' नावाच्या शक्ती अंगात येतात, प्रत्येकीचा रंग वेगळा, धूप वेगळा, चाल वेगळी, आणि त्यातून आजार बरा होतो, अशी श्रद्धा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला अंगात येणं मान्य होणार नाही, मलाही नाही. पण डॉक्टर, न्यायालय, पंचायत यातलं काहीच ज्यांच्या वाट्याला नव्हतं, त्यांनी एका रात्रीपुरती स्वतःची जागा उभी केली, दुःखाला नाव दिलं, एकमेकांना सावरलं, हे समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला दिसायला हवं. श्रद्धेची चिकित्सा करताना ती बाळगणाऱ्यांच्या इतिहासाचा अपमान करण्याची गरज नसते. विधी सोडायचा की ठेवायचा हे ग्नावांनी ठरवायचं आहे. ते चारशे किलोमीटरवरच्या धर्मपंडिताने ठरवायचं नाही आणि चार हजार किलोमीटरवरून 'ट्रान्स' अनुभवायला आलेल्या पर्यटकानेही नाही.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा इतिहास आपल्या दारात आहे. मुरुडचा जंजिरा सिद्दींचा. निजामशाहीचा कर्ता मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, १६२६ मध्ये वारला, आणि औरंगाबाद ज्या खडकीवर उभं राहिलं ती त्यानेच वसवली. गुजरातचे सिद्दी कलावंत 'धमाल' सादर करतात, तेही बिलालचं नाव घेतात, आणि तेही परदेशी महोत्सवांत जातात. गुजरात आणि कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांत ते अनुसूचित जमातीत आहेत. मंचावर टाळ्या आणि गावात रोजगाराचा प्रश्न, हा तिढा तिथेही तोच आहे. काळ्या लोकांच्या लढ्याशी आपलं नातं कोणी आयात केलेलं नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि दलित पँथरने १९७२ मध्ये नाव कुठून घेतलं हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि आपला स्वतःचा वार्षिक, इलेक्ट्रॉनिक आणि पारंपरिक संगीताचा महोत्सव? तो १४ एप्रिलला असतो. दरवर्षी जयंती जवळ आली की सल्ले सुरू होतात: डीजे नको, पारंपरिक वाद्यं वाजवा. आवाजाच्या मर्यादेबद्दल कोणी बोलत असेल तर ते ऐकलंच पाहिजे. वस्तीत म्हातारी माणसं आहेत, तान्ही बाळं आहेत, आणि रात्री दहानंतर कायदा सगळ्यांना सारखाच आहे. पण 'पारंपरिक वाद्यं' म्हणजे कोणती? हलगी, डफ, सनई-संबळ वाजवणं हे गावगाड्यात ठराविक जातींवर लादलेलं काम होतं. बोलावलं की जायचं, मालकाच्या लग्नात वाजवायचं, आणि जेवायला पंगतीबाहेर बसायचं. ज्या वाद्याला लाचारी चिकटवली गेली ते टाकून तरुणाने डीजे निवडला, तर त्यात संस्कृतीचा ऱ्हास कसला? आणि उद्या एखाद्या तरुणीने तीच हलगी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या मानधनावर हातात घेतली, तर तिलाही कोणी 'पुन्हा जुन्याकडे चाललीस' म्हणू नये. चेन्नईच्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने २०१७ पासून परई आणि गाना रॉक-रॅपसोबत मांडून दाखवलं की वाद्य तेच असलं तरी हुकूम कोणाचा यावर सगळं अवलंबून असतं.

मात्र एका बाबतीत आपण मोरोक्कोच्या जाहिरातदारांसारखंच वागतोय. जयंतीच्या रिमिक्सवर डीजेचं नाव येतं, साउंड सिस्टीमच्या मालकाचं नाव येतं, मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो येतो. गाणं लिहिणाऱ्याचं नाव? वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी हजारो गीतं लिहिली, गावोगाव फिरून गायली. आज त्यांच्या कित्येक गाण्यांखाली 'पारंपरिक भीमगीत' असं लिहिलेलं सापडतं. ज्या माणसाला पाहिलेली, ऐकलेली माणसं अजून आपल्यात आहेत, त्याला आपणच 'परंपरा' करून टाकलं! युरोपातल्या कंपनीने ग्नावांचं केलं तर ते शोषण, आणि आपण आपल्या शाहिरांचं केलं तर ती भक्ती, असं चालणार नाही.

म्हणून मंच मराकेशचा असो की आपल्या चौकातला, तीन प्रश्न विचारा. नाव कोणाचं छापलं? पैसा कोणाकडे गेला? काय वाजवायचं, कसं वाजवायचं, हे कोणी ठरवलं? तिन्हींच्या उत्तरात वादक आणि रचनाकार असतील तर खुशाल बीट चढवा, खुशाल नाचा. एकाही उत्तरात ते नसतील, तर तो मंच कितीही झगमगला तरी गावगाडाच आहे, फक्त त्याला एलईडी लावलेत.

येत्या जयंतीपासून एवढं करता येईल. आपल्या मंडळाच्या डीजेला गाण्यांची यादी मागा. प्रत्येक गाण्यापुढे गीतकाराचं, गायकाचं नाव लिहा. ज्याचं माहीत नाही त्याचं वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना माहीत असतं. ती यादी पडद्यावर दाखवा, आणि मंडळाच्या खर्चात जिवंत असलेल्या एका तरी शाहिराचं मानधन धरा. ग्नावांनी बिलालचं नाव शतकानुशतकं गाण्यात जपलं, तेव्हा त्यांच्याकडे कागदही नव्हता. आपल्याकडे तर मोबाईल आहे.

जय भीम!